गावाला ग्रामसभा, शहराला नुसता अर्ज

नाशिकच्या सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून, चालत जाता येईल अशा ठिकाणी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. आसपास कचेऱ्या असल्यामुळे गिऱ्हाईक येतं ते बहुतेक अर्ज घेऊनच. कुणी टाईप करून आणतं, कुणी पोराच्या वहीचं पान फाडून लिहून आणतं. 'प्रति, माननीय', मग 'विषय', मग 'वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की', आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही, तिच्यावर 'अर्जदार'. प्रत्येकजण दोन प्रती काढतो. एक द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. पुष्कळदा माणूस परत येतो आणि त्या पोचेच्या शिक्क्याचीही एक झेरॉक्स काढून ठेवतो. हातात दुसरं काही नसतं, निदान आपण सांगितलं होतं याचा पुरावा असावा म्हणून.

मागच्या पावसाळ्यात एका आठवड्यात एकाच चेंबरविषयीचे चार अर्ज माझ्या मशीनखालून गेले. पाऊस झाला की ते ड्रेनेजचं चेंबर तुंबायचं आणि घाण पाणी पार्किंगमध्ये शिरायचं. अर्ज देणारे चौघंही दोनशे मीटरच्या आत राहणारे. पहिल्या एक आजी, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. दुसरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. चौथा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, याच चेंबरचे तीन अर्ज या आठवड्यात मी काढलेत." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मला वाटलं, मी एकटाच मागे लागलोय," म्हणाला.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. शहरात राहणाऱ्या माणसाची सारी राजकीय अवस्था त्यात आहे असं मला वाटतं. चार माणसं, एक गल्ली, एक दुखणं, आणि चौघंही एकेकटे. कारण त्यांनी एकत्र बसावं, एकमेकांचं ऐकावं आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याला समोर बसवून विचारावं, अशी कायद्याने मानलेली जागाच शहरात चालू नाही. गावात ती आहे. तिला ग्रामसभा म्हणतात.

माझं आजोळ दिंडोरी तालुक्यातलं. दोन वर्षांपूर्वी 2 ऑक्टोबरला तिकडे होतो तेव्हा मामांबरोबर ग्रामसभेला जाऊन बसलो. समाजमंदिरात सतरंज्या, पुढे टेबल, टेबलावर गांधीजींचा हार घातलेला फोटो आणि शेजारी प्रोसिडिंगचं जाडजूड रजिस्टर. माणसं शंभरच्या आसपास असतील. सुरुवातीचा अर्धा तास नुसता गोंगाट होता. मग वस्तीवरची एक बाई उठली. डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्या वस्तीच्या पाईपाचं मागल्या सभेला लिवलं होतं. काय लिवलं होतं ते वाचा ना." ग्रामसेवकाने दुसरा विषय काढून पाहिला. ती बसेना. "वाचा ना भाऊसाहेब." शेवटी त्यांनी रजिस्टर मागे चाळलं आणि ठराव वाचला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, काम दोन महिन्यांत करण्याचं ठरलं. सभेत शांतता. सरपंचांना उत्तर द्यावं लागलं, तेही सगळ्यांसमोर, आणि ते उत्तर त्याच रजिस्टरमध्ये उतरलं.

त्या पाईपाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. झालंही नसेल. पण त्या बाईला जे करता आलं ते नाशिक शहरात मला करता येत नाही. मी कॉमर्स ग्रॅज्युएट आहे, घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरतो, एकही मतदान चुकवलेलं नाही. तरी मागच्या वेळी काय ठरलं होतं ते वाचा, असं मी कुणाला म्हणू? माझ्यासमोर रजिस्टरच नाही.

मामांच्या गावात वर्षाला चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात. त्या सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. त्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. सरपंच बदलतो, सदस्य बदलतात, ग्रामपंचायतीवर प्रशासकसुद्धा येतो, पण ग्रामसभा काही बरखास्त होत नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत जागा दिली. त्याच वेळी शहरांसाठी 74 वी घटनादुरुस्ती झाली, ती 1 जून 1993 पासून लागू आहे. तिच्यात महापालिका आल्या, पाच वर्षांची मुदत आली, राखीव जागा आल्या, प्रभाग समित्या आल्या. मतदारांची सभा मात्र आली नाही. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात प्रभाग समित्या हव्यात एवढं घटना सांगते. नाशिकमध्ये त्या सहा, विभागाला एक. नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि सिडको. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने अडीच लाख माणसांमागे एक समिती, आणि तिच्यात बसतात ते मुख्यतः नगरसेवक आणि अधिकारी. त्या बाईसारखं कुणी उठून बोलेल अशी ती जागा नव्हे.

आपल्या शहराच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच लागते. नाशिक महापालिका स्थापन झाली 7 नोव्हेंबर 1982 ला. जुन्या नगरपालिकांबरोबर आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी, विहितगाव, चेहेडी अशी भोवतालची वीसेक गावं तिच्यात आली. या गावांना त्याआधी ग्रामपंचायत होती, ग्रामसभा होती. शहरात आल्याबरोबर ती गेली. बदल्यात नगरसेवक मिळायला हवा होता, तोही मिळाला नाही, कारण महापालिकेची पहिली निवडणूक झाली थेट 1992 साली. दहा वर्षं प्रशासकाची. आडगावच्या त्या काळच्या शेतकऱ्याचा विचार करा. काल चावडीपुढे सरपंचाला जाब विचारणारा माणूस आज शहराचा नागरिक झाला आणि त्याच दिवशी त्याचं बोलणं बंद झालं. शहरात येणं म्हणजे पुढे जाणं, असं आपण समजतो. या एका बाबतीत तो माणूस मागे गेला.

आणि तेच पुन्हा घडलं. 2017 च्या फेब्रुवारीत आपण मतदान केलं. मार्च 2022 मध्ये मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे असं घटनेच्या 243-यू कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे बदल, पुन्हा खटले, यात पावणेचार वर्षं गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नंतर 31 जानेवारी 2026 ची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे 15 जानेवारीला आपण रांगेत उभे राहिलो. ओबीसींच्या आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो न्यायाने सुटायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2017 च्या मतदानानंतर महिनाभराने अठरा वर्षांचा झालेला मुलगा आपल्या गल्लीसाठी पहिल्यांदा मत देतो तेव्हा सव्वीस वर्षांचा असतो, हे कुणालाही टोचायला हवं. मधल्या काळात लोकसभा वेळेवर झाली, विधानसभा वेळेवर झाली. थांबलं फक्त आपल्या दारातलं राजकारण. आणि थांबलं तरी शहरात फारसा आरडाओरडा झाला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. नगरसेवक असले काय नि नसले काय, असं लोक दुकानात उभे राहून बोलायचे. ज्या व्यवस्थेत आपल्याला बसायला जागाच नव्हती, ती बंद पडल्याचं दुःख माणसाला होईल तरी कशाला?

माझ्या दुकानासमोर चहाची टपरी आहे. संध्याकाळी तिथे जी चर्चा चालते ती ऐकून कुणी म्हणणार नाही की लोकांना राजकारणात रस नाही. दिल्लीत काय चाललंय, मुंबईत कोण कुणाला फोडणार, अमेरिकेने आपल्यावर काय लादलं, सगळं तोंडपाठ. मतभेद इतके की दोन जुन्या मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. ही माणसं मूर्ख नाहीत आणि रिकामटेकडीही नाहीत. एकजण बँकेतून निवृत्त झालेले, एकजण रिक्षा चालवतो, एकाचं गंगापूर रोडला मेडिकल आहे. पण त्यांच्या प्रभागातल्या ओपन स्पेसवर ग्रीन जिम बसवायचं की झाडं लावायची, पेव्हर ब्लॉक पुन्हा उखडून पुन्हा का बसवतायत, हे त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही. जिथे आपल्या शब्दाला वजन आहे तिथे माणूस जपून बोलतो, हिशेब करून बोलतो, समोरच्याचंही ऐकतो, कारण उद्या त्याच्याबरोबर त्याच गल्लीत राहायचं असतं. जिथे आपल्या शब्दाने काहीच हलणार नाही तिथे माणूस नुसता बाजू घेतो. आपल्या समाजात जी कटुता वाढलीय, भावाभावात आणि मित्रामित्रात पक्षावरून जी तेढ आलीय, तिचं एक मूळ मला इथे दिसतं. राजकारण आपल्याला फक्त बघायला दिलेलं आहे, करायला दिलेलं नाही.

मत देणं आणि रस्त्यावर उतरणं, या दोन्हींत नाशिक कधीच मागे नव्हतं. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो पाच वर्षं चालला. 2018 च्या मार्चमध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून पायी मुंबईला गेले, तळपायांची सालं निघालेली माणसं आपण पाहिली. पण रोज कुणी मोर्चा काढत नाही, काढूही शकत नाही. पाच वर्षांनी एकदा बटण दाबायचं, नाहीतर सगळं सोडून रस्त्यावर यायचं. मधलं अंगण आपल्याकडे नाही.

तपोवनाचं पाहा. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी जे साधुग्राम उभारतात त्यासाठी तिथली सुमारे अठराशे झाडं हलवायची किंवा तोडायची, अशी नोटीस 2025 च्या नोव्हेंबरमध्ये लागली आणि शहर पेटून उठलं. शेकडो हरकती आल्या. त्यातल्या कितीतरी माझ्याच मशीनवर निघाल्या. कॉलेजची मुलं यायची, पैसे गोळा करून शंभर-शंभर प्रती काढायची. एका मुलीने हरकतीत आपल्या आजीबरोबर लहानपणी कुठल्या झाडाखाली बसायची ते लिहिलं होतं. प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं, उच्च न्यायालयात गेलं. लोक दोन्हीकडून बोलत होते: झाडं तोडू देणार नाही, आणि साधूंनी मग जायचं कुठे? माझ्या मते दोन्ही बाजूंना अशा टोकावर नेऊन उभं करण्याची गरजच नव्हती. साधुग्राम तपोवनात होतं हे नाशिककराला नव्याने सांगावं लागत नाही, आणि कुंभ बारा वर्षांनी येतो हेही कुणाला गुपित नाही. 2015 चा कुंभ संपल्यापासून 2027 च्या कुंभापर्यंत बारा वर्षं हातात होती. पंचवटीतल्या, तपोवनालगतच्या लोकांना दर वर्षी एकदा बोलावून नकाशा समोर टाकला असता, इथे झाडं राहू द्या, तिथे तंबू पडतील, रस्ता इकडून काढा, असं ठरत गेलं असतं, तर झाडाला नोटीस चिकटवायची वेळ आली नसती. लोकांना पहिल्यांदा कळलं ते हरकत घेण्याच्या टप्प्यावर. आणि हरकत म्हणजे काय? पुन्हा एकेकट्या माणसाचा अर्जच.

कुंभासारख्या एवढ्या मोठ्या कामात गल्लीगल्लीत विचारत बसायचं का, असं मला एका सुशिक्षित माणसाने विचारलं. त्यासाठी 2025 मध्ये कुंभमेळा प्राधिकरणाचा वेगळा कायदाही झाला आहे, झटपट निर्णय व्हावेत म्हणून. झटपट व्हायला माझी ना नाही. पण 27 ऑगस्ट 2003 आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवशी कुंभमेळ्यात सरदार चौकाच्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. रामकुंडाकडे उतरणाऱ्या त्या गल्ल्या किती अरुंद आहेत, उतार कुठे आहे, रेटा आला तर माणूस कुठे अडकेल, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना पायाखालचं माहीत आहे. गोदावरीला पूर आला की आख्खं नाशिक आकड्यांआधी काय बघतं? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघतं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातमीत नंतर येतं, सराफ बाजारातला व्यापारी मारुतीच्या कमरेला पाणी बघूनच दुकानातला माल वर चढवायला लागतो. हे शहाणपण वाड्यावाड्यांत पडलेलं आहे. ते मागायला कुणी सभा बोलावत नाही, म्हणून ते कुठल्या आराखड्यात येत नाही.

नगरसेवक आहेत की, त्यांना सांगा, असंही म्हणतात. कुठल्या नगरसेवकाला? आपल्या शहरात 31 प्रभाग आणि 122 नगरसेवक. 29 प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. जुन्या जनगणनेनेसुद्धा एका प्रभागात सरासरी 48 हजार माणसं, आता त्याहून पुष्कळ जास्त असणार. रस्त्याचं काम एकाने केलं की चौघांचे बोर्ड लागतात आणि चेंबर तुंबलं की चौघंही दुसऱ्याचं नाव सांगतात, हा अनुभव कुठल्याही शहरातल्या माणसाला विचारा. मी हे सगळ्या नगरसेवकांना वाईट ठरवायला लिहीत नाही. रात्री दोनला फोन उचलणारे, मयताला पहिले धावून येणारे नगरसेवक मी पाहिलेत. पण चांगल्या नगरसेवकाकडेही आपण जातो ते मागणारे म्हणून, आणि तो करतो ते उपकार म्हणून. म्हणूनच तो निवडणुकीत त्याची आठवण करून देतो. या नात्यात हक्काचं काही उरत नाही.

ग्रामसभेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. गावकीचं राजकारण तिथे आहेच. शंभर माणसं किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल तेवढे मतदार हवेत, ते जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून चार डोकी बसून ठराव करतात, हे मामांनीच सांगितलं. दलित वस्तीतला माणूस उठला की मागून खाकरणारे अजून आहेत. हे सगळं मान्य करूनही मी सांगतो, याच ग्रामसभेच्या बळावर गडचिरोलीतल्या मेंढा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणून दाखवलं आणि आपल्या जंगलावरचा हक्क मिळवला. 2013 साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नाही म्हटलं, आणि ती खाण झाली नाही. बारा लहान लहान पाडे. त्यांना विचारा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून ते घडलं. लाखो माणसांच्या शहराला असा प्रश्न कधी कुणी केलाय का?

खरं म्हणजे आपल्याकडे शहरासाठीही तरतूद झालेली आहे, आणि हेच मला सगळ्यांना ओरडून सांगायचं आहे. 2009 साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणली. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या योजनेचा पैसा हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा अशी अट होती, आणि नाशिकही त्या योजनेत होतं. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग धरायचा आणि त्यातल्या मतदारांनी एकत्र बसायचं, अशी ही कल्पना. कायदा झाला, पैसा आला, योजना संपून दुसरी योजना आली. क्षेत्रसभेचं निमंत्रण मात्र आजवर माझ्या हाती आलेलं नाही. एवढ्या वर्षांत हजारो अर्ज माझ्या मशीनखालून गेले, त्यात क्षेत्रसभेची नोटीस एकही नव्हती. सिडकोत, सातपूरला, चुंचाळ्याला राहणारे कितीतरी जण कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), खानदेशातून आलेले आहेत. ते गावी सुट्टीला जातात तेव्हा ग्रामसभेत बसतात. इथे त्यांच्या हाताने शहर चालतं आणि इथेच त्यांना बसायला सतरंजी नाही.

लोक येणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप. शहरात कुणाला वेळ नाही म्हणतात. मग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या मीटिंगला रात्री अकरापर्यंत भांडायला वेळ कुठून येतो? तिथे ठरलेलं दुसऱ्या दिवशी होतं म्हणून लोक येतात. क्षेत्रसभेच्या ठरावाशिवाय प्रभागातल्या कामाचं बिल निघणार नाही एवढं एकच ठरवून पाहावं. सभा बायकांना सोयीच्या वेळी ठेवावी. पाणी किती वाजता येतं, किती येतं, घंटागाडी कुठल्या गल्लीत शिरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि 2011 पासून महापालिकेतल्या निम्म्या जागा त्यांच्यासाठी आहेत. निवडून आलेल्या बाईला खुर्चीत बसवून तिच्या नवऱ्याने कारभार बघायचा, हे चारचौघींच्या सभेत फार दिवस चालणार नाही.

जानेवारीतल्या निकालानंतर आमच्या कॉलनीतल्या गणपती मंदिराच्या सभामंडपात आम्ही तीसेक जण बसलो. त्या चेंबरवाल्या आजी होत्या, अंबडला जाणारा तो मुलगाही होता. वेगवेगळ्या पक्षांना मत दिलेली माणसं होती, टपरीवर एकमेकांशी न बोलणारे ते दोघे मित्रही होते, जरा लांब लांब बसलेले. एकच पत्र लिहिलं, चारही नगरसेवकांच्या नावाने. आमच्या भागाची क्षेत्रसभा बोलवा. विषय तीन: पावसाळ्याआधी चेंबर आणि नाल्याची सफाई, ओपन स्पेसचा वापर, आणि कुंभाच्या काळात आमच्या रस्त्यावरून बस व पार्किंगची काय व्यवस्था असणार आहे त्याचा नकाशा. झालेल्या चर्चेचं इतिवृत्त लिहावं आणि पुढच्या सभेत आधी ते वाचावं, हे आजींनी सुचवलं. खाली सहीच्या जागी मी सवयीने 'अर्जदार' टाईप केलं होतं. बँकेतले काका म्हणाले, ते काढा आणि 'मतदार' लिहा. तसं केलं.

एकशे बारा सह्या झाल्या आहेत. कुंभाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. सभा त्याच्या आत व्हावी असं आम्ही लिहिलं आहे.